रोजच्या शहरी प्रवासाला बीएमएक्स: आधी ब्रेक, मग सीट, दाते सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: उंची पाच फूट आठ इंच, वजन ६८ किलो. घरात २० इंची फ्रीस्टाइल (कसरतींची) बीएमएक्स आहे, पुढे २५ आणि मागे ९ दाते, ब्रेक फक्त मागे. कोथरूड डेपोपासून डेक्कनला कॉलेजात रोज जायचं आहे, एका बाजूने साधारण पाच किलोमीटर. पुढचा चक्का, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, मोठा टाकला की ही रोजची सायकल होईल का?

होईल. पण चक्का हे शेवटचं काम आहे, आणि कदाचित ते करावंही लागणार नाही. पैसे आधी पुढच्या ब्रेकवर घाला, मग सीटवर, मग टायरवर. पाच-सहा किलोमीटरपर्यंत ही सायकल चांगली साथ देते. त्यापुढे रोजचं अंतर वाढलं तर तिच्यात सुधारणा करत बसू नका, दुसरी सायकल घ्या. असं का, ते सीटच्या हिशेबातून कळतं, म्हणून तो आधी समजून घ्या.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात मुलं मोटोक्रॉसची नक्कल करत मातीच्या ट्रॅकवर सायकली पळवायला लागली, तिथून बीएमएक्स आली. रेस एक मिनिटसुद्धा चालत नाही आणि त्यात कोणी सीटवर बसत नाही. पुढे फ्रीस्टाइल आलं, तिथेही उड्या मारताना सीट मध्ये येऊ नये म्हणून ती खाली दाबलेली असते. त्यामुळे फ्रेमची सीट ट्यूब जेमतेम ९ इंच, म्हणजे २३ सेंटीमीटर असते. तुमच्या उंचीच्या माणसाच्या पायाची आतली लांबी ८० सेंटीमीटरच्या आसपास भरते. गुडघ्याला त्रास न होता बसून पायडल मारायचं तर बीबीच्या मध्यापासून (जिथे क्रँकचा, म्हणजे पायडलच्या दांड्यांचा, आस असतो तिथून) सीटचा माथा ७० सेंटीमीटरवर हवा. २३ सेंटीमीटर फ्रेमचे आणि सहा सेंटीमीटर सीट व क्लॅम्पचे वजा केले तर उरलेले ४१ सेंटीमीटर नुसता पाइप बाहेर काढावा लागेल. एवढा काढू नये.

४०० मिलीमीटर लांबीची सीटपोस्ट (सीटखालचा पाइप) घेतली आणि त्यातली १० सेंटीमीटर आत ठेवली, तर सीट ५९ सेंटीमीटरपर्यंत येते. आदर्श उंचीपेक्षा ११ सेंटीमीटर कमी. पाच किलोमीटरसाठी हे चालतं, कारण सिग्नलवरून निघताना, चढावर आणि खड्ड्यांवर तुम्ही उभेच राहणार आहात. सपाट रस्त्यावर मधून मधून टेकायला ही उंची पुरते. मात्र अख्खा रस्ता बसूनच चालवायचा हट्ट धरलात तर दोन-तीन आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागेल. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो, वाटीवरचा दाब त्यानेच वाढतो. दुखू लागलं तर बाम चोळत बसू नका, जास्त वेळ उभं राहून चालवा.

सीटपोस्ट घेताना व्यास तपासा. बहुतेक बीएमएक्सना २५.४ मिलीमीटर, म्हणजे बरोबर एक इंच लागते, तरी व्हर्नियरने मोजून मगच विकत घ्या. पाव मिलीमीटर बारीक पाइप क्लॅम्प कितीही आवळला तरी हळूहळू खाली सरकतो, आणि माणूस चिडून बोल्ट अजून पिळतो तेव्हा फ्रेमचा कान तुटतो. सध्याची तुमची सीट बहुधा पिव्होटल असेल, म्हणजे एकच बोल्ट वरून सीटमधून पोस्टमध्ये जातो. त्या जातीच्या लांब पोस्ट मिळतात, पण रोजच्या वापराला दोन सळ्यांची साधी सीट आणि तिला लागणारी पोस्ट बरी, कारण मऊ आणि थोडी रुंद सीट कुठल्याही दुकानात मिळते. पोस्ट वरच्या आडव्या नळीच्या जोडाखाली तरी पोचलीच पाहिजे. जोडाच्या वरच अडकली तर सगळा लोड सीट ट्यूबच्या बारीक तोंडावर येतो आणि तिथेच वेल्डला चीर पडते. पोस्टवर किमान आत घालायची खूण असते, पण एवढी लांब पोस्ट असताना ती खूण पुरेशी मानू नका. दहा सेंटीमीटर म्हणजे दहा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सीट ट्यूब मागे झुकलेली असते, साधारण ७१ अंशात. सीट तीस सेंटीमीटर वर काढली की ती दहा सेंटीमीटर मागेही जाते. बीएमएक्सचं मागचं चाक आधीच तुमच्या बुडाखाली असतं (बीबीपासून मागच्या आसापर्यंत ३३-३४ सेंटीमीटर), त्यामुळे वजन मागच्या आसाजवळ जातं आणि चढावर बसून जोर लावला की पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं. उपाय सोपा आहे: सीट सळ्यांवर जमेल तेवढी पुढे सरकवा, टोक किंचित खाली झुकवा आणि चढावर उभे राहा. मागे वळलेली, लेबॅक प्रकारची पोस्ट अजिबात घेऊ नका.

आता ब्रेक. यात तडजोड नाही. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. त्यामुळे एकट्या मागच्या ब्रेकने थांबायला, दोन्ही ब्रेक नीट असलेल्या सायकलच्या दुपटीच्या आसपास अंतर लागतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. कर्वे रोडवर समोरच्या रिक्षाने बाजूच्या पॅसेंजरसाठी अचानक गाडी दाबली तर ते अंतर तुमच्याकडे नसतं. बूट टायरवर दाबून थांबणं स्केटपार्कमध्ये ठीक, रहदारीत नाही. ब्रेकच नसलेली बीएमएक्स रस्त्यावर आणूच नका.

फ्रीस्टाइल सायकलीच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) बहुधा ब्रेक लावायची सोय नसते, म्हणून फोर्कच बदलावा लागतो. दोन पर्याय आहेत: ९९० माउंटचा फोर्क, ज्यावर यू-ब्रेक बसतो, किंवा रेसिंगचा, व्ही-ब्रेकचे खुंट असलेला फोर्क. दोन्हींत खुंटांची जागा वेगळी असते (यू-ब्रेकचे रिमच्या वर, व्ही-ब्रेकचे रिमच्या खाली), त्यामुळे एकाचा ब्रेक दुसऱ्यावर बसत नाही. निवडायचंच असेल तर व्ही-ब्रेक घ्या. तो जास्त ताकदीचा, सरळ करायला सोपा, आणि त्याचे रबर कुठेही मिळतात. फोर्क २० इंची चाकाचा, १ १/८ इंच नळीचा, बिनआट्याचा (थ्रेडलेस) आणि १० मिलीमीटर आसाचा असावा. जुन्या फोर्कची नळी मोजून नवीन तेवढीच कापून घ्या. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून फोर्कला खुंट डकवून घेण्याचा किंवा भोक पाडून घेण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. चांगले फोर्क उष्णोपचार केलेल्या क्रोमोली पोलादाचे असतात. वेल्डिंगने नेमकी त्या जागेची ताकद जाते, आणि फोर्क मोडतो तेव्हा आधी सांगत नाही.

मागे जायरो असेल, म्हणजे हँडल गोल फिरवता यावं म्हणून दोन केबल आणि मधली तबकडी, तर ती काढून टाका. एक सरळ केबल टाकली की ब्रेकची खेच निम्म्याने सुधारल्यासारखी वाटते, कारण जायरोत केबलची हालचाल वाया जाते. ब्रेकचे रबर रिमपासून दोन-दोन मिलीमीटरवर ठेवा आणि रबराचं पुढचं टोक आधी टेकेल असं किंचित तिरकं बसवा, म्हणजे किंचाळणार नाही. पुढच्या ब्रेकची मूठ उजव्या हाताला ठेवा. मोटारसायकल आणि गिअरलेस स्कूटरवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि घाबरल्यावर हात सवयीनेच चालतो. बाहेरून आलेल्या अनेक सायकलींत मागचा ब्रेक उजवीकडे असतो, केबल बदलताना ते उलटं करून घ्या.

रिम क्रोमची चकचकीत असेल तर पावसाळ्यात जपा. ओल्या क्रोमवर ब्रेक पहिले काही फेरे लागतच नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर ही अडचण बरीच कमी. क्रोम रिमच ठेवायची असेल तर ओल्यासाठीचे तांबूस रबर लावा आणि पावसात उतारावर आधीपासून ब्रेक हलके दाबून पाणी पुसत राहा.

टायरकडे येऊ. बीएमएक्सच्या चाकावर ४०६ हा आकडा लागतो, तो टायरच्या बाजूला '५०-४०६' असा छापलेला दिसेल. २० इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमध्ये ४५१ नावाचं दुसरंही माप आहे, ते बसणार नाही. म्हणून दुकानात '२० इंच' म्हणून गप्प बसू नका, ४०६ सांगा. मातीतले खुंटीदार टायर काढून १.७५ ते १.९५ रुंदीचे, मधली पट्टी जवळपास गुळगुळीत असलेले टायर टाका. तुमच्या वजनाला मागे ५० ते ५५ आणि पुढे ४५ पीएसआय हवा ठेवा, मात्र टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. मुलांच्या २० इंची सायकलचे स्वस्त टायर अडीअडचणीला चढतात, पण त्यांची मर्यादा बरेचदा ३५-४० पीएसआयच असते. एवढ्या हवेवर मोठा माणूस खड्ड्यात गेला की रिम ट्यूबला चावते आणि सापाच्या दातांसारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. असं पंक्चर दिसलं तर काच शोधू नका, हवा कमी होती. ट्यूब मात्र मुलांच्या सायकलची बिनधास्त वापरा. तिचा साधा वुड्स व्हॉल्व्ह बीएमएक्सच्या रिमच्या भोकात बसतो, आणि कुठल्याही पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा भरता येते. मूळ ट्यूबला मोटारसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असतो, त्यात पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण थोडी थोडी भरा. छोट्या ट्यूबला ती मशीन दोन सेकंदांत फोडू शकते.

रोजच्या वापरात हे छोटं चाक काय करतं? मोठं चाक ज्या खड्ड्यावरून नुसतं जातं त्यात २० इंची चाक आत उतरतं. पेव्हर ब्लॉकची खचलेली ओळ, ड्रेनेजच्या झाकणाची उंच कड, रस्ता खोदून अर्धवट बुजवलेला आडवा पट्टा: प्रत्येकाचा धक्का थेट मनगटात येतो. त्यामुळे अशा जागी पायडल आडवे समपातळीत ठेवून उभे राहा, कोपर आणि गुडघे सैल ठेवा, सायकलला खालून हलू द्या. इथे बीएमएक्सचा फायदाही आहे. चाक मजबूत, साधारण ३६ तारांचं, म्हणून आऊट होणं फारच कमी. शेवटी ज्या खड्ड्यात साध्या सायकलचं चाक आऊट होतं, तिथून ही शाबूत निघते, तुम्ही मात्र उभे असायला हवे. फुटपाथवर उडी मारून चढण्याची सवय रहदारीत वापरू नका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमची पुढची हालचाल कळत नाही.

हँडलिंग चपळ असतं: फोर्कचा कोन उभा, ७४-७५ अंशांचा, आणि दोन चाकांत जेमतेम ९५ सेंटीमीटर अंतर. गर्दीत हे वळायला छान, पण एक हात सोडून इशारा करताना सायकल अंगावर येते. मोकळ्या जागी दोन्ही बाजूंना एक-एक हात सोडून सरळ चालवण्याचा सराव आठवडाभर करा. हँडल ७१ ते ७६ सेंटीमीटर रुंद असतं, दोन रिक्षांमधून जाताना अंदाज चुकतो. दोन्ही टोकांना प्रत्येकी २ ते ४ सेंटीमीटर कापून ६८ सेंटीमीटरच्या आसपास आणा, त्याहून कमी केलं तर उभं राहून ताबा कमी होतो. कापण्याआधी मुठी आणि ब्रेकच्या लिव्हरसाठी सरळ भाग पुरेल का ते पाहा. आसाला पेग (कसरतीत उभं राहायच्या नळकांड्या) लावलेले असतील तर आजच काढा. बाजूच्या स्कूटरच्या पायफळीत किंवा पायी चालणाऱ्याच्या पोटरीत ते अडकतात. पायडलला खिळे असतील तर साधे प्लॅस्टिकचे घाला, नडगी वाचेल. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. हे विसरून जोर लावणारे अनेक जण क्रँकचे आटे घालवतात. क्रँक एकसंध असेल तर पायडलचा आटा अर्ध्या इंचाचा, तीन भागांचा असेल तर ९/१६ इंचाचा. दुकानात सायकल घेऊन जा, नुसतं पायडल मागू नका.

आता तुम्ही विचारलेला चक्का. २५/९ ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ४.३ मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी १८ किलोमीटर. २८ दात्यांचा चक्का टाकला तर तेवढ्याच फेऱ्यांना ४.८५ मीटर, म्हणजे ताशी साडेवीस. पाच किलोमीटरला दोन मिनिटांहून कमी फरक, तो नळ स्टॉपच्या एका सिग्नलमध्ये जातो. जाताना नदीकडे उतार आहे, तिथे मोठा गिअर बरा वाटेल, पण परतीला कोथरूडकडे सौम्य चढ आहे आणि तो सगळा तुम्ही बुटक्या सीटवर चढणार आहात. म्हणून माझं मत: आधी महिनाभर २५/९ वर चालवा. पाय फिरून रिकामे वाटत राहिले तरच २८ टाका. ३० टाकताना चेनस्टेला, म्हणजे मागच्या आडव्या नळीला चक्का घासतो का हे आधी पाहा, बऱ्याच फ्रेममध्ये जागाच नसते.

चेनचा हिशेब असा. २५ वरून २८ वर गेलात आणि चेन तीच ठेवली तर मागचं चाक साडेनऊ मिलीमीटर पुढे सरकवावं लागतं. आस ज्या फटीत बसतो तिच्यात तेवढी जागा नसेल तर चेनला एक पूर्ण कडी (एक इंच) वाढवा, मग चाक आधीच्या जागेपासून तीन मिलीमीटर मागे बसेल. चेन १/२ × १/८ मापाची, साध्या सायकलला लागते तीच. हाफ-लिंक म्हणजे वाकड्या कड्यांची फॅन्सी चेन घेऊ नका, लवकर ताणते. मागे फक्त नऊ दाते आहेत, म्हणजे प्रत्येक कडी प्रत्येक फेऱ्यात तीव्र कोनात वाकते आणि प्रत्येक दात्यावर जास्त भार येतो. त्यामुळे झीज सायकलभर आधी इथे दिसते. फूटपट्टीने १२ पूर्ण कड्या मोजा: नव्या चेनला बरोबर १२ इंच भरतात. १२ १/८ इंच झाली की चेन बदला, नाहीतर ती ९ दात्यांचा ड्रायव्हरही (मागचं दातेरी चाक) खराब करते आणि तो चेनपेक्षा खूप महाग. चेनचा ढिलेपणा मधोमध वर-खाली मिळून एक सेंटीमीटर ठेवा, सगळ्यात घट्ट जागी तपासून. अगदी ताठ ओढली तर बेअरिंग खराब होतात.

मागचं हब (चाकाचा मधला भाग) फ्रीकोस्टर असेल, म्हणजे मागे ढकलताना पायडल न फिरणारं, तर ते रोजच्या वापराला त्रासाचं आहे. पायडल पकड घेण्याआधी थोडं रिकामं फिरतं आणि प्रत्येक सिग्नलवर निघताना झटका बसतो. साधं कॅसेट हब घ्या. जुन्या किंवा स्वस्त सायकलवर पुढे ३६ आणि मागे १६ दात्यांची फ्री असेल तर गिअर फारच हलका असतो. तिथे मागच्या १६ ऐवजी १४ बसवायला जाऊ नका, त्या हबचे आटे मोठे असतात आणि १४ ची फ्री छोट्या आट्याची असते. चक्का बदलणं हाच मार्ग.

सामान पाठीवरच्या सॅकमध्ये, चार किलोपर्यंत. मागचं कॅरिअर टाळा. लागणारी भोकं फ्रेमला नसतात, टाच पिशवीला लागते, आणि आधीच मागे असलेलं वजन आणखी मागे जातं. जास्त सामान असेल तर हँडलच्या आडव्या दांडीला पट्ट्यांनी बांधायची छोटी पिशवी घ्या, तीन किलोपर्यंत. पुढचं वजन इथे चढावर मदतच करतं.

मडगार्डलाही भोकं नसतात. सीटपोस्टला लावायचं क्लिपवालं मडगार्ड उंच सीटवर चाकापासून इतकं दूर राहतं की पाणी पाठीवर येतंच. मुलांच्या २० इंची सायकलचं मडगार्ड नळीला रबर लावलेल्या पी-क्लिपने बांधा. चेनला कव्हर नसतं, म्हणून उजव्या पँटच्या पायाला पट्टी आवश्यक, आणि ओढणी किंवा साडीत ही सायकल चालवू नये. दिवा मागे सॅकने झाकणार नाही अशा जागी, शक्यतो चेनस्टेवर.

पावसाळ्यात सीटपोस्ट महिन्यातून एकदा बाहेर काढा, फ्रेम उलटी करून पाणी निथळू द्या, पोस्टला ग्रीस लावून परत घाला. पोस्टच्या फटीतून पाणी फ्रेममध्ये जातं आणि क्रोमोली आतून गंजतं, बाहेरून काहीच दिसत नाही. ऑगस्टमध्ये न काढलेली पोस्ट दिवाळीला पाइप पान्ह्यानेही निघत नाही.

लॉकसाठी एक सूचना. बीएमएक्सचा मागचा त्रिकोण इतका लहान असतो की रुंद यू-लॉक आत जात नाही, म्हणून घेण्याआधी सायकल नेऊन पाहा, नाहीतर जाड साखळी घ्या. चाकं नटांची असल्याने ती पटकन काढून नेण्याची भीती कमी. लांबी दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे लिफ्टमध्ये उभी किंवा जिन्याखाली सहज मावते. जमल्यास घरातच ठेवा.

सोबत ठेवायचं: मागच्या १४ मिलीमीटर आसाच्या नटांना लागणारा १७ चा पान्हा, पुढच्यासाठी १५ चा, ५ आणि ६ ची अॅलन की, दोन टायर लिव्हर, ट्यूब. १७ चा पान्हा रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे असतो, पण त्याला चाक काढायला सांगूच नका. चाक जागेवर ठेवून ट्यूबची एक बाजू बाहेर काढून ठिगळ लावता येतं, चेनचा ताण आणि ब्रेकची जुळणी तशीच राहते. चाक काढावंच लागलं तर बसवताना दोन्ही नट आळीपाळीने घट्ट करा, टायर दोन्ही नळ्यांपासून सारखा दूर आहे हे पाहा, आणि निघण्याआधी मागचा ब्रेक दाबून पायडलवर उभं राहून बघा, आस सरकतो का.